उगारे सरांचं मत

“किती मतं कमी पडतील म्हणतोस?” इंगवले साहेबांनी विचारलं.

“पंधरा-सोळा,” मी म्हणालो. “अंदाजच आहे. मुदत संपेपर्यंत आकडा कुणालाच सांगत नाहीत.”

“आणि आपल्या ऑफिसात माणसं किती?”

“अठरा.”

“मग रडतोयस कशाला लेका? घाल की अठरा मतं.”

“साहेब, प्रत्येकाने आपापल्या पत्त्यावरून मेल पाठवायचा असतो. वाचून, विचार करून.”

“आपल्या लोकांना कशावर विचार करताना बघितलंयस कधी?” इंगवले म्हणाले आणि स्वतःच्याच विनोदावर खूश होऊन खुर्चीत मागे रेलले.

रणजित इंगवले हे आमच्या कंपनीचे मालक. कंपनी म्हणजे कोल्हापुरात शाहूपुरीत पाण्याच्या पंपांच्या दुकानावरचे दोन मजले. डेअऱ्या, सूतगिरण्या, शाळा, जो कुणी विचारेल त्याला आम्ही प्रोग्रॅम करून द्यायचो. साहेबांचं कॉम्प्युटरचं ज्ञान म्हणजे पडद्यावर आपलं नाव मोठ्या अक्षरात आलं की सिस्टीम चांगली, आणि बारीक आलं की वाईट. अशा माणसाकडे मी नोकरी करत होतो, हे आठवलं की आजही मला स्वतःचा राग येतो. पण एकोणीसशे नव्याण्णव साली कोल्हापुरात सर्व्हरवरचे प्रोग्रॅम लिहू देणारा दुसरा कुणी नव्हता.

सर्व्हरवरचे प्रोग्रॅम म्हणजे डेटाबेसच्या पोटात राहणारे. डेअरीतल्या क्लार्कने दुधाचं फॅट भरलं, तर ते खरं वाटण्यासारखं आहे का, नसेल तर परत पाठवायचं का, हे आतल्या आत ठरवणारे. ते कुणाला दिसत नाहीत. दिसतो तो पडदा आणि त्यावरची बटणं. ती बटणं रंगवणाऱ्यांना मी ‘बटणवाले’ म्हणत असे, आणि त्यांच्यासमोरच म्हणत असे.

त्या वेळी महाराष्ट्रातल्या डेटाबेसवाल्यांचा एक चर्चागट मेलवर चालायचा. त्याला सगळे ‘कट्टा’ म्हणत. चारेकशे सभासद. एकाने मेल लिहिला की तो सगळ्यांना जायचा. आमच्याकडे दिवसातून तीनदा फोन लावून मेल यायचे, आणि तीनदा माझं डोकं उठायचं. बटण हिरवं कसं करू? छापताना शेवटची ओळ का तुटते? तारीख उलटी का दिसते? ह्या गाळात महिन्यातून एखादा खरा प्रश्न यायचा, सर्व्हरच्या आतला, आणि त्याच्यावर सहा बटणवाले आपली अक्कल पाजळून जायचे. त्यांच्यातल्या एकाला मी एकदा सर्वांदेखत लिहिलं होतं की आपण डेटाबेसला हात लावण्यापेक्षा रांगोळीचे वर्ग काढावेत. त्याने पुन्हा कधी काही विचारलं नाही. मला ते गटाचं भलं वाटलं.

म्हणून मी ठराव मांडला: केवळ सर्व्हरवरच्या प्रोग्रॅमिंगसाठी वेगळा चर्चागट हवा, आणि त्याचा संचालक म्हणून मकरंद आष्टेकर, म्हणजे मी. चार वर्षं मी त्या कट्ट्यावर बरोबर उत्तरं लिहून चारशे लोकांचं अज्ञान सहन केलं होतं. ह्या गावात मला कुणी ओळखत नव्हतं, ऑफिसात माझं काम कुणाला दिसत नव्हतं. निदान एका जागी, दारावर, माझं नाव असावं, एवढंच मला हवं होतं. इंगवल्यांना हवं होतं ते कंपनीच्या माहितीपत्रकात: राज्याचा गट आमचा माणूस चालवतो.

नव्या गटासाठी कट्ट्याचे नियम होते, आणि ते नियम म्हणजे त्या लोकांचा देव्हारा. आधी दोन आठवडे चर्चा. मग तीन आठवडे मतदान, मेलने. बाजूची मतं विरोधी मतांच्या निदान दुप्पट हवीत. मतं मोजणारा माणूस डेटाबेसमधला नको, म्हणून ते काम अमरावतीच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजातल्या डांगोरे बाईंकडे. त्या पाणीपुरवठा शिकवत. प्रत्येक मताची पोच मत देणाऱ्याच्या पत्त्यावर जायची, आणि निकालात प्रत्येकाचं नाव आणि मत जाहीर व्हायचं.

चर्चेचे दोन आठवडे म्हणजे चारशे कोंबड्यांचा खुराडा झाला होता. एकाने विचारलं, नवा गट काढला तर जुन्या गटाला वाईट वाटेल का. त्याला मी उत्तर दिलं नाही. असल्या लोकांच्या मतांवर माझं नाव अडकलं होतं.

दुपारच्या चहाला इंगवल्यांनी सगळ्यांना सांगून टाकलं, “आष्टेकर तुमच्या नावानं काहीतरी पाठवणाराय. पोच आली तर गप बसायचं.” कुणी विचारलं नाही काय पाठवणार ते. कपबशा ठेवल्या आणि गेले.

अठरा मेल हाताने लिहिणं हे बटणवाल्यांचं काम. मी सर्व्हरवर प्रोग्रॅम लिहिला. ऑफिसच्या माणसांची यादी डेटाबेसमध्ये होतीच. तिच्यातून एकेक नाव उचलायचं, त्याच्या पत्त्यावरून मत तयार करायचं, प्रत्येकाचा शब्दक्रम थोडा वेगळा ठेवायचा आणि दोन दिवसांत थोडेथोडे करून पाठवायचे. चाळीस ओळी. इतका सुबक प्रोग्रॅम मी त्या वर्षात दुसरा लिहिला नव्हता. दाखवायला कुणी नव्हतं ह्याचंच वाईट वाटलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी सर्व्हरवरची आलेल्या मेलची नोंद बघितली, पोचा आल्या का. आल्या होत्या. एकोणीस.

मी पुन्हा मोजल्या. मग नावं वाचत गेलो. त्यात एक नाव, भूपाल उगारे.

उगारे सर फेब्रुवारीत गेले होते. ऑफिसातच, जेवणाच्या सुट्टीत, छातीत कळ येऊन. हा ऑगस्ट होता.

आमच्याकडे नोकरी सोडून जाणाऱ्याची नोंद यादीतून काढून टाकत. सरांची काढा, असं कुणाच्या तोंडून निघालं नाही. त्यांच्या नावापुढे ‘सेवेत’ ह्या रकान्यात ‘नाही’ एवढं घातलं होतं. तो रकाना बघायची अट मी प्रोग्रॅममध्ये घालायला हवी होती. एक अट. कट्ट्यावर कुणी ही चूक केली असती तर मी त्याला आठवडाभर सोलून काढला असता.

सरांविषयी सांगायला हवं. मला सर्व्हरवरचं काम त्यांनी शिकवलं, आणि मी तेही फारसं मनावर घेतलं नव्हतं. माणूस हुशार होता, पण हुशारीची त्याला काही किंमत नव्हती. कट्ट्यावर ते जाहीर कधी लिहीत नसत. कुणी वेडगळ प्रश्न विचारला की त्या माणसाला एकट्याला उत्तर पाठवायचे, म्हणजे त्याची चारचौघांत शोभा व्हायला नको. मला ते फुकटचं पाणपोई चालवणं वाटे. ते गेल्यावर त्यांच्या बायकोने, त्रिशला वहिनींनी, मला सांगितलं होतं, “मकरंद, त्या गटातल्या लोकांना तेवढं कळव हं.” मी हो म्हटलं आणि कळवलं नाही. चारशे लोकांची हळहळ मेलमधून वाचत बसायची माझी तयारी नव्हती. शिवाय त्या पाच-सहा महिन्यांत ‘उगारे सर कुठे आहेत’ असं कुणी विचारलंही नाही. बघा, मी मनात म्हटलं, हीच ह्या लोकांची कृतज्ञता.

सरांच्या पत्त्यावर आलेला मेल ऑफिसात राहत नव्हता. वहिनींच्या विनंतीवरून तो त्यांच्या घरच्या पत्त्यावर पुढे जाईल अशी सोय मीच करून दिली होती. म्हणजे मेलेल्या नवऱ्याने मतदान केल्याची पोच त्या बाईच्या घरी पोचली होती.

संध्याकाळी साडेपाचला मी राजारामपुरीत त्यांच्या घरी गेलो. त्रिशला वहिनी हायस्कुलात भूगोल शिकवायच्या. जैन घर, सूर्य मावळायच्या आत जेवण, तेव्हा त्या ताटावरच होत्या.

“आलास होय,” त्या म्हणाल्या. “येशील असं वाटलंच. बस. जेवतोस काय?”

“नको वहिनी. एक छोटी चूक झालीय मशीनची.”

“मशीन तूच चालवतोस ना अजून?”

त्यांनी शांतपणे जेवण संपवलं, ताट उचललं, हात धुतले, आणि मग शाळेची एक वही घेऊन समोर येऊन बसल्या. डांगोरे बाईंची पोच त्यांनी वहीत स्वच्छ अक्षरात उतरवून घेतली होती, फळ्यावरचं उतरवावं तशी.

“हे मला जरा समजावून सांग. ह्यात तीन ओळी आहेत. पहिली कळली. ‘आपलं मत बाजूने नोंदवलं आहे.’ म्हणजे ह्यांनी तुझ्या ठरावाला मत दिलं.”

“हो. म्हणजे, तसं नोंदलं गेलं.”

“दुसरी. ‘हे मत आपण पाठवलं नसल्यास त्वरित कळवावं.’”

“ते, कुणी परक्याने खोडी काढली तर, त्यासाठी आहे.”

“आणि मी कळवलं, की ह्यांनी पाठवलं नाही, तर?”

इथे मात्र मी खरं बोललो. ठराव रद्द होईल, म्हणालो. आमच्या ऑफिसची सगळी मतं बाद होतील, आणि मी खोटी मतं घातली हे माझ्या नावानिशी चारशे लोकांना जाहीर होईल. कट्ट्यावर मला पुन्हा तोंड दाखवता येणार नाही. “माझी चार वर्षं पाण्यात जातील, वहिनी. मला दुसरं काही नाही इथे.”

“तसं नाही कळवणार,” त्या म्हणाल्या.

“नक्की?”

“एकदा बोलले की बोलले. तुझं नाव मी घालवणार नाही. ह्यांचा तुझ्यावर जीव होता.”

मला इतकं हलकं वाटलं की मी पाण्याचा अख्खा तांब्या संपवला. मग त्यांनी वहीवर बोट ठेवलं. “तिसरी ओळ राहिली. ‘मत बदलायचं असल्यास त्याच पत्त्यावरून सतरा तारखेपर्यंत लिहावं.’ हे काय असतं?”

आता धोका टळला होता आणि समोर भूगोलाची मास्तरीण बसली होती. मी मोठ्या उदारपणे समजावलं. “काही लोकांना एकदा मत देऊन धीर धरवत नाही, वहिनी. आज हो म्हणतात, उद्या नाही. त्यांच्यासाठी आहे ते. शेवटचं पत्र जे येईल ते धरायचं, आधीचं सोडून द्यायचं.”

“आणि ते कुणी पाठवलं, हे कसं ओळखतात?”

“पत्त्यावरून. पत्ता तोच असला की माणूस तोच.”

“अस्सं,” त्या म्हणाल्या, आणि समासात काहीतरी टिपून घेतलं. टिपण काढायची सवय मास्तरांना असतेच. मला गंमत वाटली.

उठता उठता माझं लक्ष आतल्या खोलीकडे गेलं. सरांचा जुना कॉम्प्युटर चालू होता. टेबलावर सहा जाड वह्या आणि छापलेल्या पत्रांचा गठ्ठा.

“हे काय चाललंय?”

“पत्रं येतात की. ह्यांच्या नावानं. आठवड्याला आठ-दहा.”

“कुणाची?”

“तुझ्या कट्ट्यावरच्यांचीच. अडलं की ह्यांना विचारायची सवय लागलीय त्यांना. मी ह्यांच्या वह्यांत शोधते. सापडलं की उतरवून पाठवते. नाही सापडलं तर माहीत नाही म्हणून कळवते.”

मला आधी हसूच आलं. मोसमी वारे शिकवणारी बाई डेटाबेसवर उत्तरं देते! मी वरचं पत्र उचललं, त्याखालचं उत्तर वाचलं. दोन जण एकाच वेळी एकच नोंद बदलायला गेले तर काय होतं, ह्यावर. उत्तर बरोबर होतं, आणि माझ्यापेक्षा सोपं लिहिलेलं होतं. मला ते मुळीच आवडलं नाही. खाली नाव होतं, भूपाल उगारे, आणि वर पाठवणाऱ्याचा पत्ताही त्यांचा ऑफिसचाच.

“वहिनी, लोकांना वाटत असेल सर हयात आहेत.”

“वाटत असेल.”

“अहो, मग सांगायला नको?”

“तू सांगणार होतास,” त्या म्हणाल्या.

मी पत्रं चाळल्यासारखं केलं. त्यांनी गठ्ठ्यातून एक ओढून माझ्या हातात दिलं. “हे बघ. परभणीचा कुणी आहे. दोन गोष्टी विचारतोय. बटण दाबलं की पडदा थिजतो, आणि आत सर्व्हरवर त्याने काहीतरी लिहिलंय ते दोनदा चालतं. मला वाटतं दोन्हींचं मूळ एकच आहे. तुझा नवा गट झाला की ह्यानं कुठं विचारायचं?”

“जुन्या गटात. नव्यात असले प्रश्न नकोतच. त्याने आधी शिकून यावं.”

“कुठून?”

“पुस्तकं आहेत की.”

“परभणीत?”

“वहिनी, तुम्हाला नाही कळायचं ते,” मी म्हणालो. मी चपला घातल्या आणि निघालो. जिन्यातून उतरताना माझ्या मनात एवढंच होतं, की बाई साधी आहे, निभावलं.

वीस तारखेला निकाल यायचा होता. इंगवल्यांनी सकाळीच पेढे आणून ठेवले, माहितीपत्रकाचा नवा मजकूर छापखान्यात पाठवला, आणि दुपारचा फोन लागून मेल उतरेपर्यंत माझ्या खुर्चीमागे उभे राहिले. निकाल त्यांनी स्वतः छापून घेतला आणि मोठ्याने वाचायला लागले.

“बाजूने साठ. विरुद्ध एकतीस.” ते थांबले. “एकतीसची दुप्पट किती रे?”

“बासष्ट.”

“म्हणजे?”

“पडला,” मी म्हणालो.

मी कागद त्यांच्या हातातून घेतला आणि नावं वाचू लागलो. बाजूने: आमचे सगळे, एकेक करून अठरा. मग विरुद्ध. त्यात पहिल्या दहात रांगोळीवाला होता, परभणीचा कुणी होता. सर्वांत शेवटी, भूपाल उगारे. पुढे डांगोरे बाईंनी कंसात टीप दिली होती: मत बदललं, तारीख सतरा.

आकडेमोड करायला मला क्षणही लागला नाही. ते मत माझ्याकडे राहिलं असतं तर एकसष्ट आणि तीस. ठराव पास. आणि ते मत मुळात नसतंच, माझ्याकडेही नाही आणि तिकडेही नाही, तरी साठ आणि तीस. बरोबर दुप्पट. तरीही पास.

इंगवले माझ्या खांद्यावरून वाचत होते. “हा उगारे म्हणजे... आपला उगारे?”

“हो.”

“तो तर मेला ना?”

“हो साहेब.”

“मग त्याचं मत कसं काय धरतात?” इंगवल्यांचा चेहरा उजळला. आयुष्यात एकदा त्यांना काहीतरी माझ्याआधी सुचलं होतं. “अरे, खाली लिहिलंय बघ, हरकत असल्यास पाच दिवसांत कळवावं. घे की हरकत! लिही, माणूस हयात नाही, मत बाद करा. ते बाद झालं की साठाला तीस. जिंकलो की आपण!”

मी लिहायला घेतलं. खरंच घेतलं. ‘श्री. भूपाल उगारे यांचे फेब्रुवारीत निधन झाले असून’ इथपर्यंत बोटं भराभर चालली. आणि तिथे थांबली. निधन झालं असेल तर सतरा तारखेला मत कुणी बदललं, हे विचारण्याआधी डांगोरे बाई विचारणार होत्या, की मग चार तारखेला ते दिलं कुणी. त्या दिवशी त्या ऑफिसातून आणखी कितीजणांनी मतं दिली. वहिनींनी आपला शब्द पाळला होता. माझं नाव घालवलं नव्हतं. ते घालवायचं की नाही हे त्यांनी माझ्यावर सोपवलं होतं.

“काय झालं?” इंगवले म्हणाले. “लिही की.”

“पहिलं मत आपणच घातलं होतं, साहेब.”

“कुणाचं?”

“सरांचं. यादीतून गेलं. चुकून.”

त्यांना कळायला वेळ लागला. कळलं तसा त्यांचा चेहरा हळूहळू उतरत गेला, आणि मग त्यांनी तेच केलं जे असली माणसं करतात. एक पाऊल मागे सरले. “मी अठरा म्हणालो होतो,” ते म्हणाले. “अठराच. हे तुझं तू बघ.”

तेवढ्यात फोन वाजला. अमरावतीहून डांगोरे बाई होत्या. आम्ही आधी कधी बोललो नव्हतो.

“आष्टेकर सर का? मी वैजयंती डांगोरे बोलून राहिली. फारच थोडक्यात गेला जी तुमचा ठराव. मलेच वाईट वाटलं. म्हटलं, निकाल पक्का करायच्या आधी एकदा बोलून घेतो.”

“हो,” मी म्हणालो.

“ते उगारे सर तुमच्याच ऑफिसातले ना? त्यांनी मत बदललं. मी त्यांना मेलवर विचारलं बी, की सर, पक्कं ना? एकाच ओळीत उत्तर आलं, विचार करून दिलेलं मत आहे म्हणून. आता तुमची काही हरकत असंल तर सांगा. मी तपासून घेतो. तसं मी सगळंच तपासतो.”

इंगवले समोर उभे होते. दोन्ही हात हलवून नको नको म्हणत होते. पडद्यावर माझी अर्धी ओळ तशीच होती. खरं बोललो असतो तर तो गट माझा होता, आणि खरं बोलायची सोय मीच ठेवली नव्हती. चार वर्षं मी चारशे लोकांना मूर्ख म्हणत आलो. त्यांच्यातल्या एकालाही असा फास स्वतःच्या हाताने वळता आला नसता. मला माझी किळस आली, आणि तेवढ्यातही मी हिशेब करतच होतो की कुठून निसटता येईल.

“नाही,” मी म्हणालो. “हरकत नाही.”

“बरं झालं जी. मोठ्या मनाचे आहात.” त्या जरा घुटमळल्या. “एक विचारू का? सरांची तब्येत बरी आहे ना? नाही, आमच्या वसतिगृहाच्या यादीचं मी त्यांनाच विचारत असतो नेहमी. पहिले त्याच दिवशी उत्तर यायचं. आताशा दोन-दोन दिवस लागतात. म्हटलं, आजारी-बिजारी तर नाहीत?”

पडद्यावर ओळीच्या शेवटी कर्सरची काळी चौकट लुकलुकत होती. मी अक्षरं मागून एकेक करून पुसत गेलो.

“आष्टेकर सर?”

“बरे आहेत,” मी म्हणालो. “तब्येत चांगली आहे त्यांची.”

“चला, बरं वाटलं. माझा नमस्कार सांगा जी त्यांना.”

मी फोन ठेवला. इंगवले वाट बघत उभे होते.

“काय म्हणाली?”

“सरांना नमस्कार सांगितलाय,” मी म्हणालो.